मुलांकडे पाठ करून बसणाऱ्या बाई

आमच्या गावच्या बालवाडीच्या बाई मुलांकडे पाठ करून बसत. अंगणाच्या बाहेरच्या दारात, उंबरठ्यावर, तोंड रस्त्याकडे. मांडीवर सूप, सुपात तांदूळ नाहीतर लाखोळीची डाळ, आणि खडे निवडणं चाललेलं. मागे खोलीत आणि अंगणात वीस-पंचवीस पोरं ओरडतायत, पडतायत, भांडतायत. बाई वळूनसुद्धा पाहत नसत.

मी त्या गावात पहिलीच्या वर्गाची शिक्षिका म्हणून नव्यानेच रुजू झाले होते. सानगडीच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावरचं गाव. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी बावीस वर्षांची होते. शाळेला लागूनच जुना कोंडवाडा होता. मोकाट गुरं कोंडायची पद्धत बंद पडल्यावर तिथल्या एका खोलीत बालवाडी भरायला लागली होती. आमच्या मधे कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडचा तो प्रकार आठ दिवस पाहिल्यावर मला वाटलं, ही बाई कामचुकार आहे.

एकदा मी विचारलंच. "बाई, तुम्ही मुलांकडे बघत का नाही?"

"मी समोर तोंड करून बसली का लेकरं माह्यासाठी खेळतात," त्या म्हणाल्या. "बाई हे पाहा, बाई थे पाहा. पाठ दिसली का मंग ते त्याईच्यासाठी खेळतात."

"आणि कुणाला लागलं तर?"

"कान हायेत ना."

कान होते खरे. एकदा माझ्याशी बोलता बोलता त्या मधेच उठल्या, आत गेल्या आणि एका पोराच्या नाकातून चिंचोका काढून परत आल्या. कसं कळलं विचारलं तर म्हणाल्या, "एकाच नाकपुडीतून शिंकून राहिला होता." आरडाओरड्याचं त्यांना काही वाटत नसे. पोरं गप्प झाली की मात्र त्यांचा सुपातला हात मंद होई. गप्प होण्याचे त्यांच्या लेखी दोन प्रकार होते. एक कामात बुडाल्याचा आणि एक भ्याल्याचा. दोन्हीतला फरक मला त्यांनी पुष्कळदा समजावला. मला तो कधी ऐकू आला नाही.

बाई पवनीकडच्या. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या. पन्नाशीच्या आसपास असतील, पण दात लवकर पडल्यामुळे म्हाताऱ्या दिसत. नऊवारीचा काष्टा, कपाळ मोकळं, हातात काही नाही. बालवाडीचं काम मिळालं तेव्हा त्यांना महिनाभर भंडाऱ्याला शिकायला पाठवलं होतं. तिथे हातवारे करून म्हणायची गाणी शिकवली होती. बाईंनी गावात येऊन त्यातलं एकही गाणं म्हटलं नाही. "मले लाज वाटते," एवढंच कारण. अक्षरांचा मोठा रंगीत तक्ताही मिळाला होता, तो त्यांनी भिंतीकडे तोंड करून टांगला होता. पावसाची झड आली की त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पोरं कोळशाने रेघोट्या ओढत.

तालुक्याहून एकदा खेळण्यांचं खोकं आलं. लाकडी ठोकळे, रबरी चेंडू, मिटल्या ओठांनी हसणारी एक बाहुली. बाईंनी खेळणी फळीवर ठेवली आणि मोकळं खोकं पोरांना दिलं. ते खोकं महिनाभर चाललं. त्याची होडी झाली, धानाची कोठी झाली, साकोलीची एस.टी. झाली. पाहणीला साहेब आले तेव्हा खेळणी फळीवर आणि फाटक्या खोक्यात तीन पोरं बसलेली पाहून ते चिडले.

"बाहुली का दिली नाही मुलींना?"

"दिली होती साहेब. पण ते दिवसभर हासूनच राह्यते," बाई म्हणाल्या. "तिले रडवता येत नाही. लेकरानं मंग तिचं कराचं काय?"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मीही हलवली. आपण दोघे शिकलेले, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता.

बाई कुणा पोराला कधी 'छान' म्हणत नसत. एखादं पोर चिखलाचा बैल करून त्यांच्यासमोर धरी. बाई नीट निरखून पाहत आणि म्हणत, "उपाशी दिसते." पोर पळत जाऊन गवत आणी. मग बैलाला दावं लागे, दाव्याला खुंटा लागे, खुंट्याला गोठा लागे, आणि दुपार होई. "छान म्हटलं का खेळ तिथंच सरते," हे त्यांचं म्हणणं. भांडणंही त्या सोडवत नसत. रडत आलेल्या पोराला कुशीत घेत, नाक पुसत, आणि पुन्हा जिथून आलं तिथेच सोडून देत. बऱ्याचदा ते पोर परत पोचेपर्यंत भांडणारा दुसरा त्याची वाट पाहत उभा असे, कारण एकट्याने खेळ पुढे जात नव्हता.

हीच पोरं पुढच्या वर्षी माझ्या वर्गात येत. एकाला म्हणून अक्षर येत नसे. हाताची घडी ठाऊक नाही, रांग ठाऊक नाही. प्रत्येक गोष्टीला 'काहून', का म्हणून. मी फळ्यावर 'ब' काढला तर एक पोरगा म्हणाला, "बाई, याचं पोट काहून चिरलं?" सगळा वर्ग हसला. मी त्याला दहा उठाबशा काढायला लावल्या.

पण संक्रांतीच्या सुमाराला काहीतरी होई. तीच पोरं, जी बाहेरगावच्या बालवाडीतून अक्षरं घोटून आलेल्या दोघाचौघांच्या मागे असत, ती पुढे निघून जात. गणित अडलं की तीन डोकी एकत्र येत, चिंचोके मांडत, मोडत, पुन्हा मांडत. चुकलं की रडत नसत. नवीन शब्द आला की घाबरत नसत, त्याला चारी बाजूंनी हात लावून पाहत. हे मी दोन वर्षं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कुणाला सांगितलं नाही. सांगायची वेळ आली नव्हती.

ती आली शेवंतामुळे.

शेवंता तेव्हा पाच वर्षांची होती. धानाच्या रोवणीचे, भर पावसाचे दिवस होते. तिची आई बाळंतपणात दोन दिवस अडली, म्हणून घरच्यांनी तिला बैलबंडीत तणस, धानाचा पेंढा, टाकून त्यावर निजवलं आणि साकोलीच्या दवाखान्यात न्यायला निघाले. पोरगी आईचा पदर सोडेना, म्हणून तिलाही बंडीत घेतलं. वाटेतल्या नाल्याला पूर होता. पूर उतरायची वाट पाहत बंडी काठावर थांबली आणि संध्याकाळी तीच बंडी मागे आली. आई गेली होती, पोटातलंही गेलं होतं. शेवंता सगळा वेळ बंडीत आईसमोर बसून होती.

तेरावं झाल्यावर तिची आजी तिला बालवाडीत सोडून गेली. पोरगी बोलायची बंद झाली होती. हाक मारली तर पाहायची, दिलं तर खायची, पण तोंडातून शब्द नाही. बाईंनी तिला जवळ ओढलं नाही की बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. "बस," म्हणाल्या, आणि पुन्हा सुपात मान घातली. पंधरा-वीस दिवस ती नुसती भिंतीला टेकून बसे.

मग एका दुपारी ती उठली. कोपऱ्यातलं तणस तिने ओढत ओढत अंगणाच्या मधोमध आणलं, पसरलं आणि त्यावर डोळे मिटून निजली. पोरं भोवती जमली. गावची पोरं, त्यांना सगळं ठाऊक होतं. कुणी काही सांगितलं नाही. दोघे बैल झाले, एक बंडी हाकणारा धुरकरी झाला. तणसाखाली एक फाटकी चटई सारून त्यांनी शेवंताला ओढत दारापर्यंत नेलं. तिथे थांबले. "पूर हाये," धुरकरी म्हणाला. बराच वेळ सगळे उभे राहिले. मग चटई फिरवली आणि परत आले. चौघांनी चार टोकं खांद्यावर घेतली आणि बारीक आवाजात 'राम नाम सत्य है' म्हणत अंगणाला फेरी घातली.

मी मधल्या सुट्टीत भिंतीपाशी उभी राहून हे पाहिलं. बाई उंबरठ्यावर पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"बाई, हे थांबवा," मी जाऊन म्हणाले. "तुम्हाला कळतंय का मागे काय चाललंय?"

"ऐकून राहिली."

"अहो, अभद्र आहे हे."

"अभद्र झालंच हाये तिचं," बाई म्हणाल्या. "आता ते तिच्या पोटात हाये. बाहेर कोणत्या वाटेनं येईन, बोला? तिले बोलता येत नाही. आपल्यासारखं रडता येत नाही. तिले खेळता येते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ. तिसऱ्या दिवशी पुन्हा. इतर वेळी पोरं एका खेळाला दोन दिवसांत कंटाळत, पण शेवंता तणस ओढू लागली की हातातलं टाकून येत. जणू ते काम होतं आणि ते केल्याशिवाय दुसरं काही करता येणार नव्हतं. मी रोज मधल्या सुट्टीत भिंतीपाशी जाऊ लागले.

खेळ रोज थोडा थोडा बदलत होता, हे मला बाईंनीच दाखवलं. आधी पूर कधीच उतरत नव्हता. मग एक दिवस उतरला आणि बंडी नाल्यापार गेली, पण पलीकडे दवाखाना कसा असतो ते कुणाला माहीत नव्हतं, म्हणून परत आली. एक दिवस खांद्यावर नेताना एका पोराचा हात सुटला, शेवंता खाली पडली आणि हसली. पोरंही हसली. मग ती पुन्हा निजली आणि त्यांनी पुन्हा उचललं.

एका दुपारी मी बाईंशेजारी उंबरठ्यावर बसले होते. मागे फेरी चालू होती. आणि चटईवरून आवाज आला, "चुलीवर भात हाये. उतरवून घ्या."

महिन्याहून जास्त दिवसांनी ती बोलली होती. डोळे मिटलेले, आईच्या आवाजात. बाईंचा सुपातला हात थांबला. त्या वळल्या नाहीत. मी वळायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट, दुखेल इतकं.

त्यानंतर मेलेली आई रोज बोलू लागली. गाईला पाणी दाखवा. पोरीची वेणी घाला. माझं लुगडं वाळत आहे, पाऊस येईल. पोरं खांद्यावर नेता नेता "हो, हो" म्हणत.

"आता बोलते आहे," मी म्हणाले. "झालं ना आता?"

"नाही झालं. अजून ते मायच होते," बाई म्हणाल्या. "ज्या दिवशी दुसरं कोणी माय होईन अन् ते पोरगी होऊन बंडीत बशीन, त्या दिवशी रडन. मंग हा खेळ सरन. होऊ द्या. घाई नाही."

घाई नव्हती, पण वेळही नव्हता. शेवंताची आजी एके दिवशी लवकर न्यायला आली. तिने दारातून पाहिलं. आपली नात चटईवर, डोळे मिटून, आणि चार पोरं खांदा देतायत. आजी तिथेच खाली बसली. तिचा हंबरडा ऐकून शेतात जाणारे लोक थांबले. तिला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दोन दिवसांनी मारुतीच्या देवळासमोर गाव जमलं. सरपंच, आमचे हेडमास्तर, बायाबापड्या सगळे.

"माह्या घरून दोन जीव गेले," आजी म्हणाली. "आता हे लेकरू रोज मरून राहिलं. अन् ही बाई तिकडं पाठ करून डाळ निवडते."

सरपंच चांगला माणूस होता. त्याने विचारलं, "बाई, तुमी काय म्हणता?"

"ते खेळते," बाई म्हणाल्या.

"मराचं खेळते?"

"जे झालं ते खेळते."

एवढंच. मला इतके दिवस इतकं समजावून सांगणाऱ्या बाईंना सभेत याहून जास्त बोलता आलं नाही. लोकांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, शिकवत तर काहीच नाही. दुसरं म्हणालं, तक्ता उलटा टांगलाय. मग सरपंच माझ्याकडे वळला. "मास्तरीणबाई, तुमी सांगा. तुमच्या वर्गात येतात हिचे लेकरं. कसे असतात?"

हेडमास्तर माझ्या शेजारी बसले होते. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. आणि आणखी एक गोष्ट होती, जी मी बरीच वर्षं स्वतःलाही सांगितली नाही. माझ्या वर्गातली पोरं मधली सुट्टी झाली की भिंतीवरून उड्या टाकून त्या अंगणात पळत. माझ्या वर्गात परत येताना त्यांची तोंडं उतरलेली असत. मला ते रोज दिसत होतं.

"पहिलीत येतात तेव्हा एकही अक्षर येत नाही," मी उभी राहून म्हणाले.

ते खरं होतं. पुढचंही खरं होतं, संक्रांतीनंतरचं, चिंचोक्यांचं, आणि चुलीवरच्या भाताचंही. सगळे माझ्याकडे पाहत थांबले होते, म्हणजे बोलायला जागा होती. मी खाली बसले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावलेल्या दिसल्या नाहीत. मी ज्या वाक्यापाशी थांबले त्याच्या पुढचं त्या ऐकू पाहत होत्या, असं मला वाटलं.

बालवाडी बंद झाली नाही. मॅट्रिक झालेली एक तरुण मुलगी नेमली गेली. तिने तक्ता सुलटा केला, तणस बाहेर फेकलं, पोरांना ओळीत बसवलं. ती वाईट नव्हती, मेहनती होती. जुन्या बाईंना काढून टाकणं गावाला बरं दिसेना, म्हणून त्यांच्याकडे पोरांची खिचडी शिजवायचं काम दिलं. त्या मागच्या पडवीत चुलीपुढे बसू लागल्या. भिंतीपलीकडून आता 'अ अननसाचा' ऐकू येई. अननस त्या गावात कुणी पाहिलेला नव्हता.

शेवंता दुसऱ्याच वर्षी माझ्या वर्गात आली. अक्षर मोत्यासारखं. हाताची घडी सगळ्यांच्या आधी. विचारलं तेवढंच बोले. हेडमास्तर तिची वही तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवत. मी एकदा दुपारी वर्ग मोकळा सोडून पाहिला, की कदाचित इथे ती काही मांडेल. पोरं थोडा वेळ गोंधळली, मग धावाधावी करू लागली. शेवंता जागेवर बसून राहिली आणि तिने पाटीवर पाढे लिहिले. मी तो प्रयोग दोनदा केला. तिसऱ्यांदा हेडमास्तरांनी विचारलं, हे काय चाललंय, आणि मी बंद केला.

मग माझी बदली झाली. लग्न, मुलं, आणखी दोन बदल्या. माझ्या स्वतःच्या मुलांना मी तीन वर्षांची असतानाच अक्षरं शिकवली, हेही सांगून टाकते.

दहा-बारा वर्षांनी एका लग्नासाठी पवनीला गेले होते. तिथे कळलं की बाई बालवाडीचं काम सोडून पुतणीकडे राहायला आल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी शोधत गेले. बाई ओसरीवर बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी नाव सांगितलं. "हो, मास्तरीणबाई," म्हणाल्या आणि पुतणीला पाणी आणायला सांगितलं.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते शेवंता कुठं हाये?"

"लग्न झालं तिचं. अड्याळकडे दिली आहे. मागे एकदा बाजारात भेटली होती."

"बोलते?"

"कामापुरतं," मी म्हणाले. खोटं सांगता आलं असतं, पण यावेळी मी सांगितलं नाही.

मग मी म्हणाले, इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य अखेर म्हणाले. "बाई, त्या दिवशी सभेत मी सगळं सांगायला पाहिजे होतं."

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या. म्हणतील, तुम्ही लहान होता. वयाने थकलेली माणसं असं म्हणतात.

"हो," बाई म्हणाल्या. "सांगाले पाह्यजे होतं."

पुतणी पाण्याचा गडवा ठेवून आत गेली.

"मी तरी काय केलं," त्या पुढे म्हणाल्या. "चुलीपुढं बसली. ते तिथं ओळीत बसे, हाताची घडी घालून. मले पडवीतून दिसे. मी एक डाव उठून तिच्या हाताले धरून अंगणात आणली असती तं कोणी मले काय करणार होतं? पण मी भात ढवळत राहिली. रोज वाटे, उद्या. मंग ते तुमच्या वर्गात गेली."

ऊन ओसरीवर चढत होतं.

"जेवून जा," शेवटी त्या म्हणाल्या. "उपाशी नका जाऊ."

मी जेवले. भात, वांग्याचं भरीत, लाखोळीचं वरण. पुतणीने वाढलं. बाई माझ्या समोर बसल्या होत्या, पण त्यांना दिसत किती होतं कोण जाणे. निघताना मी पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हात येईल म्हणून मी जरा जास्तच वेळ वाकून राहिले. मग उठले, चपला घातल्या आणि स्टँडकडे चालू लागले.